काळ्या मातीची भिंत आणि तिचा पहिला पावसाळा

सोलापुरातल्या एका कारखान्यात लावलेल्या, भेगाळलेल्या मातीच्या शोभेच्या भिंतीचा हा प्रकरण अभ्यास आहे. माणसांची आणि कारखान्याची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत. माती कालवण्यापासून फळ्या उतरवण्यापर्यंत मी या कामात होतो. कामाची वही माझ्याकडे होती, तिच्यातूनच हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

गड्ड्याची यात्रा उतरली की सोलापुरात ऊन चढायला लागतं. त्याच दिवसांत, जानेवारीच्या अखेरीला, ताईंकडे हे काम आलं. ताई शिल्पकार आहेत. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्टीत त्यांच्या शेडमध्ये हाताखाली असतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्याचे मालक काही कामानिमित्त शेडवर आले होते. तिथे वाळत ठेवलेल्या, भेगाळलेल्या मातीच्या फरश्या पाहून ते थबकले. त्यांना कारखान्याच्या नव्या स्वागतकक्षात अशी भिंत हवी होती, बारा फूट रुंद आणि सहा फूट उंच. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर उद्घाटन ठरलं होतं.

ताईंची कामाची पद्धत अशी की नक्षी हाताने काढायची नाही. माती कोणती, पाणी किती, थर किती जाड, वारा कुठल्या बाजूने, ऊन की सावली, एवढंच ठरवायचं. मग थांबायचं. नक्षी वाळण्यातून येते. भेग कोरण्याचा किंवा वाढवण्याचा मोह झाला तरी हत्यार उचलायचं नाही, हा त्यांचा नियम. मालकांना हे आवडलं. "आमच्याकडे एकेक फूल ग्राफवर चौकोन भरून काढतात, इथे कुणी काढतच नाही," असं ते म्हणाले. करार तोंडी झाला. माप, किंमत आणि तारीख ठरली. ऋतूचा विषय निघाला नाही.

माती ताईंच्या मामांच्या रानातून आणली. मंगळवेढ्याकडची खोल काळी, ज्वारीची जमीन. फेब्रुवारीत तिथल्या भेगेत काठी घातली तर अर्धी आत जाते. मामा म्हणाले, "काळीला भेगा पडल्या तर बरंच असतं. वरची माती आत पडते, रान आपोआप नांगरतं. पण ज्वारी उभी असताना त्याच भेगांतून ओल उडते, म्हणून कोळपं फिरवायचं. एक कोळपणी, अर्धं पाणी." त्यांचं हे बोलणं मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. त्यातलं महत्त्वाचं वाक्य कळायला जून उजाडला.

माती काय करते

आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली आहे आणि दख्खनचा हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज भरपूर असतं. त्याचा प्रत्येक कण म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्र्यांची चळत. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं तेव्हा माती फुगते, निघून जातं तेव्हा आवळते. फळीवरचा थर खालून चिकटलेला असतो आणि वरून आवळत असतो. ताण सोसेनासा झाला की तो तडकतो.

पहिली भेग पडली की तिच्या आडव्या दिशेचा ताण मोकळा होतो. त्यामुळे नंतरची भेग तिला येऊन मिळते ती काटकोनात, टी अक्षरासारखी. ताज्या वाळलेल्या फरशीवर असेच सांधे दिसतात. रानातल्या भेगा मात्र वेगळ्या असतात. तिथे तीन भेगा एका जागी, साधारण सारख्या कोनात भेटतात आणि पाच-सहा बाजूंचे तुकडे पडतात. याचं कारण रान दरवर्षी भिजतं आणि वाळतं. ल्युकस गोरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हे प्रयोगात दाखवलं. तोच मातीचा थर पुन्हा पुन्हा भिजवून वाळवला तेव्हा भेगा जुन्या वाटेनेच उघडत राहिल्या, पण प्रत्येक फेरीत सांधे थोडे सरकत गेले आणि काटकोन मोडून १२० अंशांकडे झुकले. भेगांचं जाळं पाहून ती माती किती पावसाळे जगली आहे याचा अंदाज येतो. मला या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

थराच्या जाडीचा नियम सोपा आहे. थर जाड असेल तर तुकडे मोठे पडतात. आमच्या वहीत नोंद आहे : दोन-तीन मिलिमीटरच्या थराला रुपयाएवढे तुकडे, अर्ध्या इंचाला तळहाताएवढे.

पहिलं वळण : लीद घालायची की नाही

भिंतीसाठी दोन बाय दोन फुटांच्या अठरा प्लायवूड फळ्या केल्या, एका ओळीत सहा अशा तीन ओळी. शेडशेजारी एक कुंभारकाका राहतात. त्यांनी माती मळताना पाहिलं आणि विचारलं, "नुसती काळी? लीद घाला, राख घाला. नाहीतर सोडून देईल." ताईंनी नम्रपणे नाही म्हटलं. लिदीतले तंतू भेगेला आडवे धरून ठेवतात, मग भेगा बारीक पडतात किंवा पडतच नाहीत. ताईंना तर रुंद, खोल, मोकळ्या भेगा हव्या होत्या. वाळूही घातली नाही. मार्चच्या उन्हात, शेडच्या सावलीत चौथ्या दिवशी थर तडकायला लागला. रात्री शेड बंद करताना बारीक टक् टक् आवाज यायचा.

त्या घडीला मीही ताईंच्याच बाजूने होतो. काकांनी सांगितलेलं मडक्याबद्दलचं ज्ञान आहे, चित्राला ते लागू नाही, असं मला वाटलं. पण माती मडक्यात गेली काय आणि चित्रात गेली काय, तिचा स्वभाव तोच राहतो. एक फळी तरी काकांच्या मिश्रणाची करून ठेवायला हवी होती.

एप्रिलमध्ये भिंत लागली. उद्घाटनाला आलेले लोक हात लावून बघत होते. मालक खूश होते.

अडचण

खरं तर इशारा मेमध्येच मिळाला होता. स्वागतकक्षाच्या उजव्या कोपऱ्यात मोठा कूलर होता. सोलापूरचा मे, पारा चाळिशीच्या वर, त्यामुळे कूलर दिवसभर चालू. त्याच्या समोरच्या फळ्यांवरच्या भेगा अरुंद झाल्यासारख्या दिसत होत्या. मी फोटो काढून ताईंना पाठवला. आम्ही दोघांनी ठरवलं की प्रकाशाचा फरक असेल. दुसरं वळण हे, आणि ते आम्ही चुकलो. कूलर म्हणजे कोपऱ्यात ठेवलेला छोटा पावसाळाच होता. महिनाभर आधी त्याने सगळं दाखवलं होतं.

मृग लागला, दोन-तीन चांगल्या सरी झाल्या. मालकांचा फोन आला, "ताई, भिंत मिटायला लागलीय."

आम्ही गेलो तेव्हा डाव्या बाजूच्या भेगा निम्म्या झाल्या होत्या आणि कूलरकडच्या जवळजवळ बंद. तुकडे फुगून एकमेकांना रेटत होते, कडा उचलल्या होत्या. पुढे जुलैत पावसाने उघडीप दिली. माती पुन्हा आवळली, पण उचललेल्या कडा फळीला परत चिकटल्या नाहीत. खालच्या ओळीतल्या खपल्या सोफ्यावर आणि नमुन्याच्या टॉवेलांवर पडायला लागल्या. प्लायवूडही ओलीने हलत होतं, आणि त्याची चाल मातीपेक्षा वेगळी.

दुसरी अडचण मातीची नव्हती. मालकांच्या आईंना घरात सगळे अव्वा म्हणतात. उद्घाटनाला त्या आजारी होत्या, भिंत त्यांनी जुलैत पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बहात्तर साली असली जमीन बघितली मी. खडी फोडली, मिलो खाल्ला. आता पैसे देऊन तीच भिंतीला लावली होय?"

मिलो म्हणजे त्या दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही भेगांकडे रेषा म्हणून पाहत होतो. सोलापूर जिल्ह्यात भेगाळलेली जमीन हे दुष्काळाचं चित्र आहे, वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात छापलं जाणारं. हे ताईंना ठाऊक नव्हतं असं नाही, पण ज्यांच्या डोळ्यांसमोर ही भिंत रोज राहणार त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पाच पर्याय निघाले. सगळे उतरवून पैसे परत करायचे, हा पहिला. मालकांनीच तो बाजूला ठेवला.

दुसरा, पांढरा डिंक मारून भेगा आहेत तशा गोठवायच्या. याला मोठा दाखला आहे. इटलीचे चित्रकार आल्बेर्तो बुर्री यांनी १९७० च्या दशकात भेगाळलेल्या चित्रांची मालिका केली. झिंकचा पांढरा रंग, केओलिन आणि डिंक यांचं मिश्रण ते तडकू द्यायचे आणि हवं तिथे पोचल्यावर डिंकाच्या थराने थांबवायचे. पण केओलिन ही फारशी न फुगणारी माती आहे. आमच्या काळ्या मातीवर डिंक वरून बसला तरी आतल्या थराला ओल लागली की तो फुगणारच. शिवाय हा डिंक स्वतःही ओलीत मऊ पडतो.

तिसरा, साचा घेऊन भेगांचा सिमेंटमध्ये ठसा काढायचा. टिकला असता. ताईंना तो पटला नाही. त्यांच्या मते मग भिंतीत माती उरत नाही, मातीचा फोटो उरतो. मला हा आक्षेप थोडा कडक वाटला. कारखान्याच्या स्वागतकक्षाला टिकाऊपणाही हवा असतो.

चौथा, भिंत जशी बदलेल तशी बदलू द्यायची आणि दर महिन्याला फोटो काढायचा. विचार म्हणून सुंदर, पण खपल्या टॉवेलांवर पडत असताना मालकांपुढे तो मांडणं योग्य नव्हतं.

पाचवा पर्याय मामांच्या बोलण्यातून आला. रानातली माती दर वर्षी फुगते-आवळते, तरी तिचं जाळं टिकतं, कारण ते अनेक पावसाळ्यांत बसलेलं असतं. आम्ही मातीला पहिली भेग पडू दिली आणि लगेच भिंतीवर चढवलं. तिला पावसाळे आधीच दाखवले तर?

काय केलं

ऑगस्टभर चाचण्या घेतल्या. सहा-सहा इंचांच्या फरश्या केल्या : नुसती काळी, काळीत निम्मी वाळू, काळीत लीद, आणि वाळूची जास्त-कमी प्रमाणं. ताईंच्या न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत रात्रभर ठेवायच्या, दिवसा पंख्याखाली वाळवायच्या. एक रात्र आणि एक दिवस मिळून एक पावसाळा. नुसती काळी तिसऱ्या फेरीत फळीवरून सुटली. निम्म्या वाळूची सुटली नाही, भेगा बारीक झाल्या पण खोल राहिल्या. पाचव्या फेरीनंतर तिच्या भेगा जागा बदलेनाशा झाल्या. रोज त्याच वाटेने उघडायच्या, त्याच वाटेने मिटायच्या. मी ट्रेसिंग कागदावर प्रत्येक फेरीचे सांधे उतरवत होतो. पहिल्या कागदावर काटकोनच काटकोन, सातव्यावर ते वाकायला लागलेले. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर बसून ते कागद एकावर एक ठेवून पाहिले तो क्षण मी विसरणार नाही.

प्लायवूडवर आधी तरट ठोकलं, म्हणजे मातीला खालून पकड मिळाली. वरच्या दोन ओळींतल्या, कूलरपासून लांबच्या आठ फळ्या अशा रीतीने, प्रत्येकी सात फेऱ्या करून बनवल्या.

कूलरजवळच्या चार फळ्यांना काळी माती नकोच असं ठरलं. तिथे खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट वापरलं. ते ओलीने फुगत नाही. आणि इथे एक वेगळीच वाट उघडली. अकिओ नाकाहारा आणि योसुके मात्सुओ या जपानी संशोधकांनी २००५ साली दाखवलं होतं की या पुडीचा घट्ट लगदा ओला असताना आडवा हलवला, तर तो हलवण्याची दिशा लक्षात ठेवतो. नंतर वाळताना भेगा त्या दिशेला काटकोनात पडतात. मालकांची पहिल्यापासून इच्छा होती की भेगा मागावरच्या ताण्याच्या, म्हणजे लांबीच्या धाग्यांसारख्या उभ्या दिसाव्यात. आधी ताईंनी ती नाकारली होती, कारण भेग आपण काढायची नाही. आता लगद्याची फळी दोघांनी दोन बाजूंनी धरून मिनिटभर डावीकडून उजवीकडे हलवली आणि ठेवून दिली. तीन दिवसांनी बहुतेक भेगा उभ्या पडल्या. कोणती भेग कुठे पडेल हे तरीही आमच्या हातात नव्हतं. पातळ लगद्याच्या दोन फळ्या फसल्या, त्यांनी काहीच लक्षात ठेवलं नाही. पाणी कमी केल्यावर जमलं. काळ्या मातीवरही हे करून पाहिलं, आमच्या हातून दिशा उमटली नाही.

राहिली खालची ओळ, सोफ्यामागची. तिच्याबद्दल ताई अव्वांना जाऊन भेटल्या. हे जानेवारीत व्हायला हवं होतं. अव्वांनी सांगितलं, "खाली सारवा. भुई सारवलेली असली की वरचं कसंही असू दे." सहा फळ्या शेण-मातीने सारवल्या. शेणातले तंतू थराला धरून ठेवतात म्हणून तिथे भेग पडली नाही. हाताचे अर्धगोल फटकारे मात्र राहिले, आणि पहिल्या फळीवरचे अव्वांच्या हाताचे आहेत. कुंभारकाकांनी मार्चमध्ये जे सांगितलं होतं तेच शेवटी भिंतीवर आलं, वेगळ्या कारणाने.

दुरुस्तीची मजुरी ताईंनी घेतली नाही. फळ्या, तरट आणि गाडीभाडं मालकांनी दिलं. कूलर दुसऱ्या भिंतीकडे हलवायची विनंती केली होती, पण खिडकीमुळे ते जमलं नाही.

निकाल

दसऱ्याच्या आधी भिंत पुन्हा उभी राहिली. पुढच्या पावसाळ्यात आठ काळ्या फळ्या मिटल्या आणि उघडल्या. एका फळीची कडा उचलली, बाकीच्या शाबूत. खडूच्या फळ्या जशाच्या तशा. भिंत आधीच्यापेक्षा शांत दिसते. पहिल्या भिंतीतली ती रुंद, रांगडी भेग आता नाही आणि मला तिची उणीव भासते. ताईंना भासत नाही.

एक जोडकामही झालं. मालकांना हीच नक्षी चादरीवर हवी होती. कारखान्याच्या डिझाइन मास्तरांनी फळीचा फोटो पाहून मान हलवली. जाकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नक्षीचा तुकडा शेजारी शेजारी पुन्हा येतो. फूल असेल तर चालतं, पण भेग तुकड्याच्या कडेला येऊन तुटते आणि पुढच्या तुकड्याची भेग भलतीकडून सुरू होते. जोडायला हाताने रेषा ओढली की "खोटी दिसते", हे त्यांचेच शब्द. त्यांनीच मग विचारलं, मातीला कडाच नसेल तर? आम्ही सहा इंची प्लॅस्टिकच्या पाइपवर तरट गुंडाळून वर वाळूमिश्रित मातीचा थर दिला. डावी कडा आणि उजवी कडा आता एकच. घेर साधारण वीस इंच भरला, म्हणजे साठ इंच रुंद चादरीत तो तीनदा बसतो. पाइपला ट्रेसिंग कागद गुंडाळून भेगा उतरवल्या, कागद उलगडला, आणि आडवा जोड आपोआप जुळला. उभ्या बाजूचा जोड टाळायला चादरीच्या दोन्ही टोकांना रुंद काठ ठेवला. पाइपच्या लांबीला समांतर भेगा जरा जास्त पडतात, त्यामुळे नक्षीला उभा कल आला. मास्तरांना तो आवडला. ग्राफच्या एका चौकोनाहून बारीक भेगा नक्षीतून गळाल्या आणि तिरक्या भेगांना पायऱ्या आल्या. चाचणीच्या तीन चादरी विणल्या गेल्या. विक्रीला अजून काढलेल्या नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत आधी आम्ही जागेवर एक फरशी ठेवू, काम हातात घेण्याच्या आधी. कूलर, खिडकी, दार यांच्याजवळ एकेक. पंधरा दिवसांत त्या जे सांगतात ते आम्हाला पाच महिन्यांनी कळलं.

तारखेच्या बाबतीत ताईंचं आणि माझं अजून एकमत नाही. मी म्हणतो, काळ्या मातीचं काम मार्चमध्ये करून एप्रिलमध्ये लावायचंच नाही, एक खरा पावसाळा शेडमध्ये जाऊ द्यायचा. ताई म्हणतात, वाफेच्या सात फेऱ्या पुरतात. आठांपैकी एका फळीची कडा उचलली हे मी त्यांना दाखवतो. सात टिकल्या हे त्या मला दाखवतात.

कुंभार, शेतकरी, घर सारवलेल्या बायका यांना आधी विचारायचं, आणि ऐकून फक्त मान डोलवायची नाही तर त्यांच्या रीतीची एक फरशी करून बघायची. ज्यांच्या घरात किंवा कारखान्यात भिंत राहणार त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला नमुना आधी दाखवायचा.

आणि करार लेखी. ताईंच्या नव्या करारपत्रात आता असं वाक्य आहे : "ही माती आहे. पावसाळ्यात भेगा अरुंद होतील, उन्हाळ्यात रुंद होतील. पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर शिल्पकार येऊन भिंत पाहील आणि सुटलेल्या कडा विनामूल्य बसवून देईल." पुढच्या कामाच्या गिऱ्हाइकाने त्यावर सही करण्याआधी विचारलं की रुंद म्हणजे किती. ताईंनी शेडमधल्या दोन फरश्या आणून टेबलावर ठेवल्या, एक वाफेतली, एक उन्हातली, आणि त्यांच्या भेगांवर पट्टी लावून दोन्ही मापं करारात लिहिली.